साहेबिणीचा गोठा

गवंड्याचं उभं आयुष्य लोकांची घरं बांधण्यात गेलं. आसपासच्या गावांत त्याच्या हातच्या भिंतीला कुठेही ओळंबा लावून बघावा, केसभर फरक सापडायचा नाही. त्याच्या स्वतःच्या घराची मागची भिंत मात्र पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती आणि लाकडी टेकूंच्या भरवशावर उभी होती. कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, "ती आमच्या आज्याने बांधलेली आहे. मी हात लावला तर रुसेल." खरी गोष्ट अशी, की सिमेंटची गोणी त्याच्या हाती यायची तेव्हा ती कायम दुसऱ्याची असायची.

घर म्हणजे जाड मातीच्या भिंतींची एकच लांबट खोली आणि वर गवताचं छप्पर. त्यात तो, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि म्हातारी आई एवढी माणसं राहायची. पावसाळ्यात छप्पर एका कोपऱ्यात गळायचं. तो कोपरा शाकारला की पाणी दुसरा कोपरा शोधायचं. म्हातारीची खाट त्यामुळे सारखी प्रवासात असायची. तिला बारमाही खोकला होता, पण तो तिच्या बोलण्याच्या आड कधी आला नाही.

अशात एक संस्था गावात आली. गरिबातल्या गरीब घरांना दुभती गाय द्यायची, तीही घरातल्या बाईच्या नावावर, असा तिचा बेत होता. त्या आठवड्यात गावात गरिबीला कधी नव्हे तो भाव आला. ज्यांच्याकडे सायकल होती त्यांनी ती मेहुण्याकडे नेऊन ठेवली. किराणा दुकानदार फाटका सदरा घालून गल्ल्यावर बसायला लागला. शेजारची शिंपीण कुंपणापाशी येऊन गवंडिणीला म्हणाली, "ती खुर्ची आत टाक. खुर्ची दिसली की नाव कापतील."

"मग पाहणीला येणाऱ्या बाई बसणार कशावर?"

"त्यांना बसवून तुला गाय मिळणार आहे का?"

गवंडिणीने खुर्ची होती तिथेच ठेवली, वर फडकंही मारलं. पाहणीला आलेल्या बाई बारीक अंगाच्या होत्या आणि ऊन असो, पाऊस असो, त्यांच्या हातात काळी छत्री असायची, म्हणून लोक त्यांना छत्रीवाल्या बाईच म्हणायचे. त्या खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि छत्री भिंतीला टेकवून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. जायला उठल्या तेव्हा छत्रीचं टोक भिंतीत रुतलेलं होतं. त्यांनी ओढलं, तशी छत्रीबरोबर ओंजळभर भिंतही बाहेर आली. बाई ओशाळल्या. ती माती परत भोकात बसवायला बघू लागल्या.

"राहू द्या हो," म्हातारी खाटेवरून म्हणाली. "अजून पुष्कळ भिंत आहे."

यादीत गवंडिणीचं नाव सगळ्यात वर आलं.

गाय मिळण्याआधी गोठा हवा होता, आणि तो संस्थेने दिलेल्या नकाशाबरहुकूम हवा होता. सिमेंट, विटा, पत्रे संस्थेचे, मेहनत घरच्यांची. नकाशा गवंड्याने अंगणात दगड ठेवून पसरला आणि बराच वेळ बघत बसला. उंच छप्पर होतं. पाणी साचू नये म्हणून उतार दिलेला कोबा होता. समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि त्यांना डासांची जाळी होती.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. असं घर मी फक्त डॉक्टरांना बांधून दिलंय."

त्याने गोठा जीव ओतून बांधला. विटेला वीट अशी भिडवली की सुरीचं पातं शिरू नये. स्वतःच्या जागेत तो आयुष्यात पहिल्यांदाच भिंत उभी करत होता, आणि ती गायीसाठी होती, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही असं नाही. पण बांधताना त्याला इतकी मजा येत होती की त्याने ती मनावर घेतली नाही.

मग पाण्याचा प्रश्न आला. लग्न झाल्यापासून गवंडिणीने नळासाठी गावच्या कचेरीत खेटे घातले होते, आणि दरवेळी कारकून तिला सांगायचा की पाइप तुमच्या गल्लीपर्यंत येत नाही. आता संस्थेचं पत्र गेलं की दुभत्या जनावराला चोवीस तास स्वच्छ पाणी लागतं. पाइप गल्लीपर्यंत आला. गल्लीतून अंगणात आला. नळ बसवायला आलेल्या माणसाला गवंडीण म्हणाली, "एक तोटी घराच्या दारात पण काढून द्या ना. इथून हाताच्या अंतरावर तर आहे."

"माणसांचा अर्ज वेगळा असतो, वहिनी. हे जनावराचं मंजूर झालंय."

"माणसांचा केलेलाय आम्ही."

"मग तो येईल यथावकाश," असं म्हणून त्याने तोटी गव्हाणीवर बसवली. विजेचंही तसंच झालं. गायीला उन्हाचा ताण सोसत नाही म्हणून गोठ्यात दिवा आला आणि छताला पंखा लागला. घरात मात्र कंदीलच राहिला. पंखा पहिल्यांदा फिरला तेव्हा म्हातारीने दारात उभं राहून तो डोळे भरून बघितला. म्हणाली, "गाय यायच्या आधी मला जरा खाली बसू दे. नंतर कुठली विचारते ती मला."

गाय ट्रकमधून आली. काळी-पांढरी, थोराड, कानात पिवळा बिल्ला, आणि उतरताना तिने असं तोंड केलं, जणू जागा तिला पसंत नाही. तिच्याबरोबर तिची कागदपत्रं आली, तिचा विमा आला, आणि तिला तपासायला दर आठवड्याला गुरांचा डॉक्टर येईल असा निरोप आला. म्हातारीने तिथल्या तिथे तिचं नाव साहेबीण ठेवलं.

"सूनबाई, हिचा विमा आहे म्हणे. माझा आहे का?"

"नाही, आई."

"म्हणजे ही गेली तर तुम्हाला पैसे मिळणार आणि मी गेले तर खर्च होणार. आजारी पडायचं झालं तर तिच्याआधी पडू नकोस असं मला सांगून ठेव."

गवंडिणीला हसू आलं, पण तिला हसायला सवड नव्हती. पहिले काही दिवस साहेबिणीने तिला रडवलं. गाय लाथ मारायची, भरत आलेली बादली लवंडायची, चारा हुंगून मान फिरवायची. गवंडीण पहाटे उठून ओढ्याकाठचं हिरवं गवत कापून आणायची, ते बारीक करायची, पेंड भिजवायची आणि मग गायीच्या पुढ्यात बसून तिची समजूत घालायची. इतकी मनधरणी तिने नवऱ्याची कधी केली नव्हती, असं तिने शिंपिणीला सांगितलं. हळूहळू गाय तिच्या हाताला सरावली. तिचा हात कासेला लागला की पान्हा सोडायची. दुसऱ्या कोणाला मात्र जवळ येऊ द्यायची नाही. गवंड्याने एकदा प्रयत्न केला आणि आठवडाभर लंगडत कामावर गेला.

दूध मात्र तिने भरभरून दिलं. गवंडीण सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीवर जायची, आणि पंधरवड्याच्या शेवटी तिच्या नावाची हाक व्हायची. आधी ती हाक तिला कळायचीच नाही, कारण गावात तिला नावाने कोणी हाक मारत नसे. मुलीच्या पायात बूट आले. घरात अंडी दिसायला लागली. चहा दुधाचा झाला, आणि म्हातारीने पहिला घोट घेऊन तो फार घट्ट असल्याची तक्रार केली. गवंडी पूर्वी काम शोधत लांब लांब जायचा, महिना-महिना तिकडेच राहायचा. आता जवळपासची कामं धरून तो रोज घरी जेवायला लागला. एक दिवस तो बायकोजवळ येऊन उगाच घुटमळला.

"काय हवंय?"

"काही नाही. जरा तंबाखूपुरते असतील तर."

तिने कनवटीचे पैसे काढून दिले. आजवर मागायची पाळी तिची असायची. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, पण त्यातल्या एकाला बरंही वाटलं.

पावसाळा आला आणि घर नेहमीसारखं गळायला लागलं. म्हातारीचा खोकला असा वाढला की बोलणंही बंद झालं, तेव्हा मात्र सगळे घाबरले. गुरांचा डॉक्टर साहेबिणीला तपासायला आला होता. गवंडीण त्याला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, जरा आमच्या आईंनाही बघता का?"

"वहिनी, मी गुरांचा डॉक्टर आहे."

"माहीत आहे. पण माणसांचा इथे येतो कुठे?"

तरुण पोरगा होता, मनाने चांगला. बाहेर कोणी बघत नाही याची खात्री करून तो घरात शिरला आणि त्याने म्हातारीच्या पाठीला नळी लावली. म्हातारी क्षीण आवाजात म्हणाली, "कास बघणार नाहीस ना?"

डॉक्टर लाजला. म्हणाला, "औषध मी लिहून देणार नाही, त्यांना शहरात दाखवा. पण छातीत ओल धरलीय. जागा कोरडी पाहिजे, हवा खेळती पाहिजे, खालून गारवा येता कामा नये." बोलता बोलता तो थांबला, कारण हीच वाक्यं त्याने पहिल्या भेटीत साहेबिणीबद्दल गवंड्याला ऐकवली होती.

गवंडिणीने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने गोठ्याकडे बघितलं. दुपारच्या आत म्हातारीची खाट गोठ्यात गेली.

शहरातल्या डॉक्टरांचं औषध सुरू झालं, त्याचे पैसे दुधातून गेले. म्हातारी पंखा बंद ठेवून, जाळीच्या खिडकीतून पाऊस बघत पडून राहायची. दहा-बारा दिवसांत ती उठून बसली आणि साहेबिणीच्या रवंथ करण्याच्या आवाजाने झोपमोड होते असं सांगू लागली, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. तिच्या सोबतीला नात गेली; तिला दिव्याखाली अभ्यास करता येत होता. मुलगी तिकडे म्हणून गवंडीण गेली. गवंड्याने एकट्याने कंदील लावून जेवायचं आणि पाणी झेलायला भांडी मांडायची, हे चार दिवस केलं. पाचव्या दिवशी तो उशी काखेत मारून आला आणि म्हणाला, "पाऊस थांबेपर्यंत."

पाऊस थांबला, पण परत जायचा विषय कोणी काढला नाही. उन्हं तापायला लागली. गोठ्यात आता माणसं होती, ट्रंक होती, चूल बाहेरच्या वळचणीला होती, आणि या सगळ्यात साहेबीण एका कोपऱ्यात अंग चोरून उभी असायची. भांडं पडलं की दचकायची. दूध निम्म्यावर आलं. गुरांचा डॉक्टर आला, त्याने आत नजर टाकली आणि दोरीवर वाळत घातलेल्या परकराखालून वाकून गायीपर्यंत पोहोचला. "हिला शांत, गार जागा पाहिजे," एवढंच म्हणून तो निघून गेला.

शांत, गार जागा अंगणापलीकडे रिकामी पडली होती. मातीच्या जाड भिंती, गवताचं छप्पर. उन्हाळ्यात त्या घराइतकं गार काही नव्हतं, आणि पाऊस लांब होता. "थोडे दिवस तिला तिकडे बांधू," गवंडीण म्हणाली. साहेबीण घरात गेली, पोट सुटलेल्या भिंतीला अंग घासून तिने पाठ खाजवून घेतली आणि मधोमध बसकण मारली. आठवड्यात दूध पूर्वीपेक्षा वाढलं.

म्हातारी म्हणाली, "त्या घरात मी इतकी वर्षं काढली, मला नाही कधी असं सुख लागलं."

"तुम्हाला पेंड कुठे घालत होतो आम्ही," गवंडी म्हणाला.

एकच अडचण होती. छत्रीवाल्या बाई महिन्यातून एकदा पाहणीला यायच्या, आणि गोठा फक्त जनावरासाठी वापरायचा ही संस्थेची पहिली अट होती. अट मोडली तर गाय परत जाणार. बाई येण्याचा निरोप आदल्या दिवशी डेअरीवर यायचा. मग त्या सकाळी घरात लगीनघाई उडायची. ट्रंक घरात, खाट घरात, अंथरुणं घरात, साहेबीण गोठ्यात. साहेबीण यायला तयार नसायची. पुढून मुलगी हिरवा चारा दाखवायची आणि मागून गवंडी ढकलायचा. गव्हाणीत ठेवलेल्या ताटल्या शेवटच्या क्षणी कोणाला तरी आठवायच्या.

बाई यायच्या, गोठा बघायच्या आणि थक्क व्हायच्या. माश्या नाहीत, वास नाही, कोबा आरशासारखा. इतका स्वच्छ गोठा त्यांच्या सगळ्या गावांत नव्हता. एकदा त्यांना खिडकीत आरसा आणि फणी दिसली. त्यांनी गवंडिणीकडे बघितलं.

"तिचे केस विंचरतो," गवंडीण म्हणाली. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती, त्यामुळे तिचा चेहरा लाल झाला. बाईंना ते लाजणं वाटलं.

शेवटी व्हायचं तेच झालं. गोठ्याला आदर्श गोठ्याचं बक्षीस मिळालं.

बक्षीस म्हणजे एक पाटी, एक बादली आणि बघायला येणारी माणसं. आधी दुसऱ्या गावच्या बायका आल्या. मग निरोप आला की संस्थेचे मोठे साहेब, पैसा देणाऱ्या पाहुण्यांना घेऊन, दुपारनंतर येतील. ते दुपारच्या आधीच आले, कारण आधीच्या गावात त्यांना दाखवायची गाय गाभण असल्याचं सांगितलं गेलं आणि ती बैल निघाली, असं नंतर लोक हसून सांगायचे. गवंडी तेव्हा कामावर होता. गवंडीण अंगणात भांडी घासत होती. गाड्या दारात थांबल्या, छत्रीवाल्या बाई सगळ्यात पुढे उतरल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "हाच तो गोठा."

त्यांनी दार ढकललं. पंख्याखाली खाटेवर म्हातारी पाय पसरून दाढेला तंबाखू लावत होती. भिंतीवर मुलीचं दप्तर टांगलेलं होतं. गव्हाणीत एका बाजूला डबे आणि दुसऱ्या बाजूला घडी घातलेल्या गोधड्या होत्या.

मोठे साहेब दाराच्या चौकटीत उभे राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "गाय कुठे आहे?"

"घरात आहे," म्हातारी म्हणाली. "बोलावू का?"

छत्रीवाल्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. गवंडीण राखेचे हात तसेच घेऊन पुढे आली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि खोटं बोलून बोलून ती दमली होती. तिने सगळं सांगितलं. घर गळतं. सासूबाईंच्या छातीत ओल भरली होती. गोठा कोरडा होता म्हणून त्यांना इकडे आणलं, मग आम्हीही आलो. गायीला गर्दी सोसेना म्हणून तिला तिकडे ठेवलं. "गोठा तुमचा आहे, गाय तुमची आहे. न्यायची तर न्या. पण आईंना येता पाऊस संपेपर्यंत तरी इथे राहू द्या."

पाहुण्यांमध्ये एक भुऱ्या केसांच्या वयस्कर बाई होत्या. त्यांना भाषा अर्धवट कळत होती. त्यांनी घराच्या दारातून आत डोकावून बघितलं. मधोमध साहेबीण ऐटीत बसून रवंथ करत होती. पाहुण्या बाई परत आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"यांनी आपलं घर गायीला दिलं," त्या साहेबांना म्हणाल्या. "स्वतः गोठ्यात राहायला गेले."

"तसं नाही हो," गवंडीण म्हणाली. "आम्ही गोठा घेतला."

पण तिचं बोलणं कोणी भाषांतर करून सांगितलं नाही. मोठे साहेब हुशार होते. त्यांनी एकदा पाहुण्या बाईंकडे आणि एकदा आदर्श गोठ्याच्या पाटीकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "लाभार्थी जनावराशी किती एकरूप होतात, त्याचं हे उदाहरण आहे. चोवीस तास देखरेख." पाहुण्या बाईंनी गवंडिणीचे राखेचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. फोटो काढला गेला. त्यात म्हातारी गायीशेजारी उभी आहे आणि दोघींनीही एकमेकींकडे पाठ केलेली आहे.

दुसऱ्या दिवशी छत्रीवाल्या बाई एकट्याच आल्या. त्या रागावलेल्या होत्या, पण कोणावर रागवायचं ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"नियमाप्रमाणे गाय परत न्यायला हवी होती," त्या म्हणाल्या.

"मग नेताय का?"

"आता कशी नेणार? पाहुण्या बाईंनी आणखी गायींचे पैसे कबूल केलेत, तुमच्यासारख्याच घरांसाठी." त्या खुर्चीवर बसल्या. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ऐकून काय केलं असतं?"

बाईंनी विचार केला. "काही नाही," त्या म्हणाल्या. "मला फक्त गोठे मंजूर करता येतात. घरं नाही."

हे त्या सहज बोलून गेल्या, पण मग छत्रीच्या मुठीवर बोटं वाजवत राहिल्या. पुढच्या हंगामात संस्थेचे नवे नकाशे आले. त्यात प्रत्येक गोठ्याला चोवीस तास देखरेखीसाठी राखणदाराची खोली जोडलेली होती.

नकाशे बघून गावात पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना. मग शिंपिणीने गवंड्याला बोलावून घेतलं. म्हणाली, "राखणदाराची जरा मोठी काढ. गायीचं काय, ती उभ्याने झोपते."

"बसून झोपते ती," गवंडी म्हणाला.

"मग बसेल तेवढी ठेव."

त्याने तशीच बांधली. पुढची दोन-तीन वर्षं त्याला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. गोठ्यामागून गोठे उठले, आणि त्याने हाताखाली माणसं ठेवली. खोल्यांच्या खिडक्यांना पडदे लागले. नळ गव्हाणीवरून दारापाशी सरकले. गायी सगळ्या काही साहेबिणीसारख्या निघाल्या नाहीत. एकीचं पोट फुगून ती गेली, एक भाकड राहिली. पण बाकीच्या दुधाला चांगल्या होत्या, आणि शिंपिणीने गायीच्या जिवावर दुसरं मशीन घेतलं. ज्यांची गाय गेली त्यांची खोली मात्र राहिली, आणि ते मन लावून राखण करत राहिले. नवीन गाय मिळालेल्या बायकांना धार काढायला शिकवायला गवंडीण जायची. तिथे तिला सगळे तिच्या नावाने हाक मारायचे.

साहेबिणीला दोन कालवडी झाल्या. गवंड्याने सवड काढून घराचं छप्पर पुरतं शाकारलं आणि मागची भिंत पाडून नव्याने बांधली, कारण आता आत तीन जनावरं होती आणि ती भिजून चालली नसती. आज्याची भिंत पाडताना त्याला कसंनुसं झालं नाही. ती काही रुसली नाही. गावच्या कचेरीतून घरांची नोंद करायला माणूस आला, तेव्हा त्याने दोन्हीकडे बघून, पेन कानावर ठेवून विचारलं, "यातलं घर कोणतं धरायचं?" म्हातारी म्हणाली, "जिथे चहा मिळतो ते धर." त्याने चहा घेतला आणि पक्क्या घरात राहणारं कुटुंब असं लिहून नेलं. त्यामुळे सरकारी घरकुलाच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. तोवर त्याची कोणाला फारशी गरज उरली नव्हती.

एका थंडीत छत्रीवाल्या बाईंची बदली झाली. निरोप घ्यायला त्या आल्या, तेव्हा गवंडिणीने त्यांना घट्ट दुधाचा चहा दिला. गवंडी जेवायला आलेला होता. बाई भिंतीवरून हात फिरवत बसल्या होत्या. त्यांच्या मनात काहीतरी होतं.

"एक गोठा बांधायला किती दिवस लागतात हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कोणासाठी?"

"माझी आई गावी एकटी असते. मी आत्तापर्यंत इतक्या गोठ्यांवर सह्या केल्या, पण तिचं छप्पर दरवर्षी गळतं. तिकडे चांगला गवंडी मिळत नाही."

"गाय आहे का त्यांच्याकडे?"

"नाही. संस्थेच्या माणसाला गाय मिळत नाही."

गवंड्याने हात धुतले, फडक्याला पुसले. "मग नुसतं घर बांधायचं," तो म्हणाला, आणि त्याला जरा काळजीच वाटली. बरीच वर्षं त्याने नुसतं घर असं बांधलं नव्हतं. उतार कोणत्या बाजूला द्यायचा इथपासून त्याला प्रश्न पडले. "गव्हाण नको ना?"

"नको," बाई म्हणाल्या. मग छत्री उचलत म्हणाल्या, "खिडक्यांना जाळी मात्र हवी."

पुढच्या आठवड्यात त्याने थापी, ओळंबा आणि दोन माणसं बरोबर घेतली आणि तो पहिल्या गाडीने त्यांच्या गावाला गेला.